खिडकीजवळ कोण बसणार?

ऑफिसच्या इमारतीचं काम आलं की पहिल्या मीटिंगला मालक मोबाइलवर एक फोटो दाखवतात. निळी काच, वरपासून खालपर्यंत. इमारत बहुतेक दुबईची नाहीतर सिंगापूरची असते. चाकणजवळच्या या प्लॉटसाठीही तोच फोटो आला. कंपनी यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करणारी, माणसं १८० च्या आसपास, आणि तोवर शहरातल्या एका भाड्याच्या इमारतीत दोन मजल्यांवर कोंबलेली. मालकांना ग्रीन बिल्डिंग हवी होती, कारण परदेशातले ग्राहक हल्ली विचारतात. दुसरं कारण एचआरच्या मॅडमनी मीटिंग संपल्यावर जिन्यात सांगितलं, की मुलं टिकत नाहीत. तीन वर्षं शिकवायचं, आणि चांगलं ड्रॉइंग काढायला लागली की ती जातात.

त्यामुळे कागदावर रेघ ओढण्याआधी मी जुन्या ऑफिसात बसायची परवानगी मागितली. मालकांना ते जरा विचित्र वाटलं. आर्किटेक्टने साइट बघायची, जुनं भाड्याचं ऑफिस बघून काय मिळणार? पण मला जे हवं होतं ते तिथेच होतं.

ती इमारतही काचेचीच. पश्चिमेच्या काचेवर ब्लाइंड्स ओढलेले होते, आणि धुळीवरून ते कित्येक महिन्यांत वर गेलेले नसावेत. आत भर दुपारी सगळे दिवे चालू. म्हणजे उजेड यावा म्हणून काच लावायची, काचेतून ऊन येतं म्हणून पडदा लावायचा, पडद्याने अंधार होतो म्हणून दिवे लावायचे, आणि काच व दिवे तापवतात म्हणून एसी वाढवायचा. या चारही गोष्टींचं बिल तेच लोक भरत होते. थर्मोस्टॅट २२ अंशांवर. बहुतेक मुलींच्या खांद्यावर स्टोल किंवा खुर्चीला स्वेटर, तोही एप्रिलमध्ये. कोपऱ्यातल्या आणि बाजूच्या सगळ्या खिडक्या मॅनेजर लोकांच्या कॅबिनमध्ये गेलेल्या, आणि दिवसभर स्क्रीनवर बारीक रेषा बघणारी पोरं मधल्या पोटात बसलेली. त्यांना बाहेर पाऊस सुरू झालाय हे व्हॉट्सॲपवर कळायचं.

मी एक लहान मीटर घेऊन गेले होते, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा. मोकळ्यावर हल्ली ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास आकडा असतो. बारा माणसांची मीटिंग सुरू होऊन तासभर झाला आणि मीटर १,५०० च्या पुढे गेला. दार बंद, स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतोय, बाहेरची हवा आत यायला वाटच नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २४ ऑफिस कर्मचाऱ्यांना नियंत्रित खोल्यांत बसवून निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या होत्या. ५५० पीपीएमच्या तुलनेत ९४५ ला गुण सुमारे १५ टक्के घसरले आणि १,४०० ला जवळजवळ निम्म्यावर आले. २४ माणसांवरून जगाचा नियम काढू नये हे खरं. पण दुपारी चारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना जांभया का येतात याचं उत्तर मालक आजवर 'जेवण जड झालं' असं देत होते. मीटर बघून ते गप्प झाले. पुढच्या सगळ्या भांडणांत मला या मीटरचा उपयोग झाला.

हाउसकीपिंगच्या मावशी डबा कुठे खातात हे मी मुद्दाम बघितलं. जिन्याच्या मधल्या लँडिंगवर, फायर एक्स्टिंग्विशरच्या शेजारी.

प्लॉट लांबट होता आणि त्याची रुंद बाजू पश्चिमेला, हायवेकडे. मालकांच्या डोक्यात इमारत पक्की होती, रस्त्याला समांतर, सगळी काच हायवेकडे, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या प्रत्येकाला कंपनीचं नाव दिसावं. माझं म्हणणं उलटं, की इमारत नव्वद अंशांत वळवायची. अरुंद बाजू रस्त्याकडे, लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला.

हे पटवायला सूर्य लागतो, सॉफ्टवेअरचे रंगीत नकाशे लागत नाहीत. चाकणच्या अक्षांशाला मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आपल्याकडे वर्तमानपत्रांत शून्य सावलीचा दिवस म्हणून बातमी येते तोच. मधले अडीच महिने तर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला सर्वांत खाली येतो, तरी दुपारी क्षितिजापासून ४८ अंशांवर असतोच. याचा अर्थ दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा साधा छज्जा दिला, की मार्चअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन काचेला जवळजवळ लागतच नाही. पश्चिमेला छज्जा कितीही काढा, काही उपयोग नाही, कारण चार-पाच वाजताचं ऊन तिरपं, थेट डोळ्यांत येतं. मालकांना मी सायंकाळी पाचला प्लॉटवर नेऊन रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि म्हटलं, आता इथे बसून ड्रॉइंग चेक करा. त्यांनी कपाळावर हात धरला. हायवेवरून ट्रक धूळ उडवत चालले होते, हा दुसरा मुद्दा मला वेगळा मांडावा लागला नाही.

तरी नाव दिसलं पाहिजे हा हट्ट राहिलाच, आणि तो चुकीचा नव्हता. पश्चिमेला आम्ही काळ्या दगडाची जवळजवळ बंद भिंत उभी केली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव. भिंतीच्या मागे जिना, टॉयलेट, इलेक्ट्रिकल रूम, स्टोअर. ऊन, धूळ आणि ट्रकचे हॉर्न या खोल्यांनी झेलायचे, माणसांनी त्यांच्या पलीकडे बसायचं.

आणि मग वास्तू. वास्तुतज्ज्ञांनी मालकांची कॅबिन नैऋत्येला सांगितली. नैऋत्य म्हणजे दुपारनंतर सर्वांत तापणारा कोपरा. माझ्या ऑफिसातला ज्युनिअर हसला, पण मी हे काम बरीच वर्षं करते आहे, वास्तूवाल्यांशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यांचं बाकीचं म्हणणं ऐकलं तर नैऋत्य जड हवी, उंच हवी, बंद हवी, जिना आणि पाण्याची टाकी तिकडे चालेल. मला तरी दुसरं काय हवं होतं? जिना आणि टाकी नैऋत्येला गेली, त्यांच्या आडोशाला मालकांची कॅबिन, तिची खिडकी दक्षिणेला छज्जाखाली. तज्ज्ञ खूश, मी खूश. त्या एका मीटिंगमध्ये जेवढं काम झालं तेवढं ऊर्जेच्या सिम्युलेशनने महिनाभरात झालं नव्हतं.

खरं भांडण मजल्याच्या रुंदीवर झालं. खिडकीचा वरचा काठ जेवढ्या उंचीवर, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. खिडकीचा काठ २.७ मीटरवर धरला तर दोन्हीकडून सहा-सहा मीटर उजेडाचे. मध्ये चार मीटर जाण्यायेण्याची वाट, प्रिंटर, फोनवर बोलायच्या छोट्या खोल्या. एकूण १६ मीटर. लांबी ५० मीटर, तळमजला आणि वर दोन मजले. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, एवढ्याच क्षेत्रफळाची चौकोनी इमारत केली तर बाहेरची भिंत कमी लागेल, खर्च वाचेल. हिशेब त्यांचा बरोबर होता. मी एवढंच विचारलं, की चौकोनाच्या मध्यावर कुणाला बसवणार त्यांची नावं आत्ताच लिहून द्या.

तिथून सगळं 'खिडकीजवळ कोण बसणार' या एकाच प्रश्नावर आलं. माझा प्रस्ताव साधा होता, कॅबिन मधल्या पट्ट्यात, काचेच्या पार्टिशनच्या, आणि खिडकीला लागून वर्कस्टेशन. मॅनेजर लोकांनी हे फार मनाला लावून घेतलं. वीस वर्षं नोकरी केल्यावर मिळालेली खिडकी कोण सोडेल? एक जण म्हणाले, "मॅडम, कालच्या ट्रेनीला खिडकी आणि मला बोळ?" मी त्यांना सांगितलं की तुम्ही दिवसाचे निम्मे तास मीटिंगमध्ये आणि कारखान्यात असता, त्या खिडकीतून बाहेर बघायला कॅबिनमध्ये कुणी नसतंच. शेवटी निकाल मालकांनी लावला, आणि तोही स्वतःचं उदाहरण घालून नव्हे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्यांची कॅबिन खिडकीजवळच राहिली. बाकी सगळ्यांच्या आत गेल्या.

खिडकीचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांना रॉजर उलरिच या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास सांगावा. पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. आमच्या प्लॉटच्या उत्तरेला जुने करंज होते. कॉन्ट्रॅक्टरला ते मटेरियल टाकायला अडचणीचे वाटत होते. त्यांच्याभोवती पत्रे ठोकून घेतले, तेव्हा वाचले.

एसीच्या कन्सल्टंटबरोबरचे दिवस वेगळे. त्यांचं गणित सीलबंद इमारतीचं. खिडकी उघडणारी ठेवली तर माझी गॅरंटी नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. पण २२ अंशांचा हा हट्ट आला कुठून? ऑफिसच्या तापमानाच्या जुन्या मानकांत शरीर किती उष्णता तयार करतं हे धरलंय ते १९६० च्या दशकातल्या, चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचं, हे २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं होतं. खुर्च्यांवरच्या स्वेटरांचं मूळ तिथे. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या १६ इमारतींमध्ये लोकांना विचारून भारतीय माणसाला ऑफिसात किती तापमान बरं वाटतं याचं सूत्र काढलं आहे. बाहेरचं गेल्या काही दिवसांचं सरासरी तापमान ३० असेल, तर कधी एसी कधी खिडकी अशा मिश्र इमारतीत माणूस २६ अंशांच्या आसपास सुखात असतो, आणि पूर्ण खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतीत चक्क २९ ला. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत हे सूत्र आलं आहे, म्हणजे मी काही घरचा फॉर्म्युला मांडत नव्हते.

शेवटी ठरलं ते असं. डोक्यावर पंखे, बीएलडीसी नावाच्या नव्या मोटरचे, जुन्या पंख्याच्या निम्म्याहून कमी विजेचे. त्यांचा वारा असला की तीच हवा दोन-तीन अंश गार वाटते, म्हणून एसी २६ वर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पावसाळ्यातले बरेचसे दिवस एसी बंद, उत्तरेच्या खिडक्या उघड्या. मीटिंगच्या खोल्यांना ताज्या हवेचा वेगळा पंखा, कार्बन डायऑक्साइड वाढला की आपोआप जोरात फिरणारा. यावर मी एक रुपयासुद्धा कमी करू दिला नाही. बाकी फर्निचरमध्ये काटछाट केली, लॉबीतला इटालियन मार्बल जाऊन शहाबादी आली, पण तो पंखा राहिला.

फॉल्स सीलिंग काढून टाकलं. उघडी काँक्रीटची स्लॅब रात्रीचा गारवा धरून ठेवते. चाकणला मार्च-एप्रिलमध्ये दुपार ३७-३८ अंशांची असली तरी पहाट २० च्या आसपास उतरते, हा फरक फुकटचा आहे. त्यासाठी उत्तर-दक्षिणेला वरच्या बाजूला झडपा दिल्या, मच्छरांची जाळी आणि चोराला अडवणारे गज लावून. झडपा रात्री उघडायच्या कुणी? मोटर बसवायला बजेट नव्हतं. रात्रपाळीच्या सिक्युरिटीने फेरी मारताना उघडायच्या आणि सकाळी आठच्या आधी बंद करायच्या असं ठरलं, आणि त्यासाठी त्यांना महिन्याला वेगळा भत्ता द्यावा हे मी मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहायला लावलं. फुकटात सांगितलेलं काम आठवडाभर होतं, पुढे होत नाही.

उघड्या स्लॅबचा तोटाही लगेच कळला. आवाज. काँक्रीट आवाज शोषत नाही, एकाचा फोन सगळा मजला ऐकतो. पंख्यांच्या मधून फेल्टच्या उभ्या पट्ट्या टांगल्या, म्हणजे स्लॅब उघडी राहते आणि आवाजही मोडतो. तरीही मोठ्या आवाजात बोलणाऱ्या सेल्सच्या टीमला खाली हलवल्यावरच खरी शांतता झाली. हे आर्किटेक्चर नव्हे, पण उपाय तोच लागू पडला.

भिंती एएसी ब्लॉकच्या (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे, उष्णता अडवणारे), काच भिंतीच्या ३० टक्के (इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेत ४० पर्यंत चालते), गच्चीवर पांढरी चायना मोझेक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. अर्ध्या गच्चीवर सोलर, साधारण ४० किलोवॉट, दिवसाला १६० युनिटच्या आसपास. पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगते, कारण ब्रोशरमध्ये नेहमी उलटं लिहिलेलं असतं. ८०० चौरस मीटर गच्ची, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून साडेचार लाख लिटर मिळतं. ऐकायला पुष्कळ. पण माणशी दिवसाला ४५ लिटर धरले तर १८० जणांना ते कामाचे साधारण ५५ दिवसच पुरतं. म्हणून फ्लशिंगला आणि झाडांना सांडपाणी शुद्ध करून वापरणं हेच खरं काम होतं, पावसाचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडलं. हिरवळ लावली नाही. मालकांच्या सौभाग्यवतींना लॉन हवं होतं, त्यांना बहावा दिला.

मालकांना हे सगळं पटावं म्हणून मी त्यांना दोन उदाहरणं दिली होती. एक जवळचं, हडपसरचं सुझलॉनचं 'वन अर्थ', आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेलं, अंगणांभोवती पसरलेलं बुटकं ऑफिस. दुसरं इन्फोसिसचं हैदराबादचं. तिथे त्यांनी एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले, एकात नेहमीचा एसी आणि दुसऱ्यात स्लॅबमधून गार पाणी फिरवणारी यंत्रणा, आणि दोन्हींचं वीजबिल शेजारी शेजारी मोजलं. स्लॅबच्या भागाला थंडाव्यासाठी तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक वीज कमी लागली. आमच्या बजेटला ती यंत्रणा परवडणारी नव्हती, पण इंजिनिअर मालकाला असं मोजलेलं काही दाखवलं की तो तुमच्या बाजूला येतो.

ग्रीन बिल्डिंगच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही 'गृह' निवडलं. ही गुण देण्याची पद्धत टेरी ही संशोधन संस्था आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने इथल्या हवामानासाठी बनवलेली. गुणांच्या मागे लागण्याचा मला कंटाळा आहे, सायकल स्टँड केलं की गुण मिळतो आणि चाकणच्या हायवेवर सायकल कोण चालवणार हे कुणी विचारत नाही. पण त्या यादीत दोन निकष असे होते की ज्यांनी मला हत्यार दिलं. एक बांधकामावरच्या मजुरांच्या सुरक्षिततेचा आणि स्वच्छतेचा, आणि दुसरा ड्रायव्हर, हाउसकीपिंग, सिक्युरिटी यांच्यासाठी वेगळ्या सोयींचा. माझ्या सांगण्यावरून न झालेल्या गोष्टी गुणांसाठी झाल्या. बायका मजुरांसाठी पहिल्या दिवसापासून दार-कडी असलेली टॉयलेट आली. आणि तळमजल्यावर उत्तरेला, करंजाकडे खिडकी असलेली एक खोली मावशींची झाली, बाक, लॉकर, डबा गरम करायला शेगडी, आडवं पडायला जागा. आधी त्या जागेवर ड्रॉइंगमध्ये 'व्हीआयपी लाउंज' लिहिलेलं होतं.

पाळणाघराची कथा थोडी वेगळी. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं, हे २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने सक्तीचं केलं. इंटिरिअरच्या पहिल्या नकाशात ते जनरेटरच्या शेजारी दाखवलेलं होतं. हे बघून एचआरच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त त्यावर पेनने फुली मारली आणि मावशींच्या खोलीच्या पलीकडे नवा चौकोन काढला. तो तसाच बांधला.

राहायला गेल्यावर मी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने परत जाऊन बघितलं. माझ्या मते इमारतीचं डिझाइन तिथे पुरं होतं, पण त्याची फी कुणी देत नाही. जिना दर्शनी आणि उजेडाचा असल्यामुळे लिफ्टपुढे रांग नव्हती. उत्तरेच्या ओसरीवर डबे खाणाऱ्यांची गर्दी इतकी, की दोन पाळ्या कराव्या लागल्या. मीटिंगच्या खोलीतला मीटर हजाराच्या खाली राहिला. स्टोल एखाद-दुसराच दिसला. मुलं टिकतात का? एचआरच्या मॅडम म्हणाल्या की गळती कमी झालीय, पण त्याच वर्षी पगारही वाढले होते, त्यामुळे श्रेय मी घेत नाही. तक्रारींच्या पेटीत सर्वांत जास्त चिठ्ठ्या चहाबद्दल निघाल्या, त्याखालोखाल मोबाइलच्या नेटवर्कबद्दल.

एक गोष्ट मात्र मनासारखी नव्हती. दक्षिणेच्या बाजूला डिसेंबरात काही ब्लाइंड्स खाली ओढलेले होते, आणि ते मेमध्येही खालीच. हिवाळ्यात ऊन खाली उतरतं, स्क्रीनवर चमक येते, कुणीतरी पडदा ओढतो आणि पुन्हा वर करायला कुणी उठत नाही. सगळ्या जगातल्या ऑफिसांत हेच होतं. आता शेजारच्या प्लॉटवर दुसऱ्या टप्प्याची इमारत चालू आहे. तिच्या दक्षिणेच्या खिडक्या आम्ही आडव्या दोन भागांत तोडल्या आहेत. डोळ्यांच्या उंचीचा खालचा भाग बाहेर बघण्याचा, त्याला पडदा. वरचा भाग नुसत्या उजेडाचा, त्याला पडदाच नाही, आतल्या बाजूने एक पांढरी फळी आहे जी ऊन छताकडे फेकते. वरच्या भागालाही पडद्याचा रॉड बसवून ठेवू का, असं इंटिरिअरवाल्यांनी दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा नाही म्हटलंय.